मारोतरावांची मोजणी

भिलाईच्या टंकी मोहल्ल्यात मारोतराव हटवारांचं नाव काढलं की दोन मतं ऐकायला मिळतात, आणि गंमत म्हणजे दोन्ही मतं बहुतेक एकाच तोंडातून येतात. सकाळी नळावर त्यांना देवमाणूस म्हणणारी बाई संध्याकाळी ओट्यावर बसली की म्हणते, "त्यायनंच तं बाळंतिणीची खोली बंद केली होती ना वं!" मला दोन्हींचा राग येतो. देवमाणूस म्हटलं की माणसाला चुकायची सोयच उरत नाही, आणि सगळा दोष एकाच्या माथी मारला की बाकीचे हात झटकून मोकळे होतात. मी त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये संसार केला. मधली भिंत एकच होती. त्यांच्याकडे फोडणी पडली की आमच्याकडे ठसका लागायचा. तेव्हा मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

आम्ही मूळचे नागपूरचे. माझे यजमान देवराव कारखान्यात क्लार्क होते. मोहल्ल्यातली बाकीची मराठी माणसं भंडारा-गोंदियाकडची, धानाच्या बांध्या सोडून लोखंडाच्या कामाला आलेली. मारोतराव लाखनीजवळच्या एका खेड्यातले. भिलाईत भट्ट्या उभ्या राहत होत्या तेव्हा पत्र्याची पेटी घेऊन आले, आधी ठेकेदाराकडे राबले, मग रोलिंग मिलमध्ये कायम झाले. उंच, काळेसावळे, शर्टाचं गळ्याजवळचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. सायकलवरून उतरले की कमरेपासून वाकून चालायचे, जणू अजून हँडलच धरलं आहे. सिंधुताईंशी लग्न होऊन त्यांना एकच मुलगी झाली, शैला. तिच्यावर दोघांचा जीव होता आणि तो त्यांना लपवता येत नसे.

या माणसाला एक खोड होती. कोणाच्या घरी ताप आला, की डॉक्टरच्या आधी मारोतराव पोचायचे. पोचून त्यांचा काही उपयोग व्हायचा असं नाही. कपाळाला हात लावायचे, "ताप आहे जी," असं घरच्यांना माहीत असलेलंच सांगायचे आणि बसून राहायचे. पण एका पावसाळ्यात मोहल्ल्यात हगवणीची साथ आली, तेव्हा याच माणसाने सायकलच्या कॅरिअरवर बसवून किती लोकांना दवाखान्यात नेलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आजारी माणूस मागे लुढकू नये म्हणून सिंधुताईंच्या जुन्या लुगड्याने त्याला स्वतःच्या पाठीशी बांधून घ्यायचे. ते लुगडं त्या साथीत वाया गेलं आणि सिंधुताईंनी त्यावरून त्यांना पुष्कळ दिवस टोमणे मारले.

त्या साथीनंतर आमच्या भागातल्या कामगारांनी एक आरोग्य समिती काढली. पगारातून थोडी वर्गणी द्यायची आणि आपले छोटे दवाखाने आपणच चालवायचे, असा बेत होता. एक दवाखाना आमच्या मोहल्ल्यात, एक हुडको कॉलनीच्या बाजूला आणि एक रेल्वेलाइनीच्या पलीकडे, पावर हाउसच्या बाजाराजवळ. आमच्या दवाखान्याला मागच्या अंगाने एक खोली जोडली ती मारोतरावांच्या हट्टापायी. बाळंतिणींसाठी. विटा त्यांनी मागून आणल्या, पाया मोहल्ल्याने खणला, चुना देवरावांनीसुद्धा लावला आणि आठवडाभर कंबर धरून हिंडले. खोलीत एक खाट, एक मेज, पाणी तापवायला शेगडी आणि गयाबाई नावाची नर्स. गयाबाई आल्यावर मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या सुइणीने सुस्कारा टाकला आणि ती उतई गावी लेकाकडे राहायला निघून गेली.

इथे आमची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं त्या रीतीतच अडकलेलं आहे. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि जमलं तर दुसरंही. मोहल्ल्यातल्या सुना सातव्या महिन्यात गोंदिया, तुमसर, भंडाऱ्याकडे निघायच्या आणि मोहल्ल्यातल्या लेकी त्याच गाड्यांनी उलट्या भिलाईला यायच्या. म्हणजे खोलीत बाळंत व्हायच्या त्या बहुतेक सगळ्या सासरहून आलेल्या लेकी. पण समितीच्या नियमात लग्न झालेली लेक सभासदाच्या कुटुंबात धरलेली नव्हती. मारोतरावांनी गयाबाईला सांगून ठेवलं होतं, "लेकरू आहे, पाहुनी आली आहे, करून घेत जा. बोभाटा नको करू." गयाबाई करून घ्यायची आणि समितीपुढे अवाक्षर काढायची नाही. मोहल्ल्याला यात काही चोरटं वाटत नसे. घरी आलेल्या पाहुण्याला चहा दिला म्हणून कोणी कारखान्याला कळवतो का?

शैलाचं लग्न ज्या वैशाखात झालं, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात समितीने दवाखान्यांची नवी मांडणी करायला घेतली. अध्यक्ष होते कृष्णराव, कारखान्यातून निवृत्त झालेले अधिकारी, पांढरी पँट आणि हातात छत्री. त्यांना उगाच खलनायक करू नका. माणूस भला होता आणि त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. तिन्ही दवाखान्यांत सगळंच होतं आणि काहीच धड नव्हतं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचा. गोवराची, डांग्या खोकल्याची पोरं त्याच्या वाराची वाट बघत बसायची. कृष्णरावांनी सुचवलं, की बाळंतपणं सगळी पावर हाउसला एकाच ठिकाणी, नीट सामानासकट करावी. टंकी मोहल्ल्याच्या खोलीत पोरांना टोचायची सोय करावी आणि डॉक्टर रोज सकाळी बसवावा. मात्र आधी घरोघर विचारून घ्यावं, कुठे काय लागतं ते.

आमच्या मोहल्ल्याचं विचारायचं काम अर्थातच मारोतरावांकडे आलं. रोज डॉक्टर मिळणार म्हणून ते हुरळून गेले होते. मला म्हणाले, "वहिनी, रोज! हप्त्याचे सहाही दिवस! मांगच्या साली बाबारावचं पोरगं डॉक्टरच्या वारापायीच गेलं का नाही?" खरंच होतं ते. बाबारावचा मुलगा रविवारी आजारी पडला होता आणि डॉक्टरचा पुढचा वार गुरुवार होता.

भाद्रपदात ड्यूटी सुटली की मारोतराव दारोदार हिंडायला लागले. हिरालालच्या घरी ते आले तेव्हा मी तिथेच होते. हिरालाल बाजेवर पडून बिडी ओढत होता. दारात त्याची लेक सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिला सातवा लागलेला होता आणि पोट इतकं पुढे आलेलं, की सूप गुडघ्यांवर टेकवावं लागत होतं. मारोतराव तिला ओलांडून आत आले. ओलांडताना तिला म्हणालेसुद्धा, "कवा आली वं बेटा? बरी आहेस ना?"

मग विचारलं, "हिरालालभाऊ, घरी कोनी पोटुशी आहे का?"

"सून आहे ना जी. पन ते तं गेली माहेरी, तुमसरले."

"म्हनजे इथं नाही होनार."

"इथं कायले होईन? तिच्या मायकडे होईन."

"बरं. मंग कोनी नाही." आणि मारोतराव पुढच्या घराकडे निघाले. निघताना पुन्हा त्या पोरीला ओलांडलं. तिथे बसलेल्या कोणालाही, खुद्द त्या पोरीलाही, यात काही वावगं वाटलं नाही. विचारलं होतं घरच्या बाईबद्दल. लेक कुठे घरची? ती दिल्या घरची. तिचं करायचं ते प्रेमाने करायचं, मोजायचं कशाला?

असं अख्ख्या मोहल्ल्यात झालं. घराघरातून सून माहेरी गेलेली आणि लेक पाहुणी. शेवटी राहिलं मारोतरावांचं स्वतःचं घर. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून मला दोघांचं बोलणं ऐकू आलं. मी कान लावला नव्हता, आमच्या भिंतीला कान लावावा लागत नसे.

"आपल्या घरी तं कोनी नाही," मारोतराव म्हणाले.

सिंधुताईंनी विचारलं, "आन् शैला? कालच तं निरोप आला ना, दिवस गेले म्हनून."

"शैला आता त्यायच्या घरची झाली, सिंधू."

"हो, तेही खरंच आहे," सिंधुताई म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या.

समितीच्या बैठकीत मारोतरावांनी उभं राहून सांगितलं, की टंकी मोहल्ल्यात बाळंतपणाच्या बाया जवळपास नाहीतच. कृष्णरावांनी मान डोलावली. दिवाळीआधी हिरालालच्या लेकीला मुलगा झाला, त्याच खोलीत, गयाबाईच्याच हातून. त्याचे पेढे मारोतरावांनीही खाल्ले. दिवाळी झाली आणि त्या खोलीतली खाट उचलून हातगाडीवर घालून पावर हाउसला गेली. गयाबाईही तिकडे गेली. खोलीला निळा रंग दिला, भिंतीवर हसऱ्या बाळाचं चित्र लावलं आणि रोज सकाळी डॉक्टर बसायला लागला. पोरांची रांग लागायची. मोहल्ला खूश होता. मारोतराव तर दवाखान्यासमोरून जाताना उगाचच सायकलची घंटी वाजवायचे.

शैला पौषात आली. सिंधुताईंनी तिला जमिनीवर पाय ठेवू दिला नाही म्हटलं तरी चालेल. आमच्या घरी येऊन बसायची, माझ्याकडून बाळाचं टोपरं विणायला शिकायची आणि टाके गाळायची. स्वभावाने बापासारखी, शांत. पण एखादी गोष्ट मनात बसली की हलायची नाही. फाल्गुनात दिवस भरणार होते. खोली बंद झाल्याचं त्या घरात कोणाला विशेष वाटत नव्हतं. वेळ आली की रिक्षा करून पावर हाउसला जाऊ, गयाबाई आहेच तिकडे, असं ठरलं होतं.

माघातच, भर दुपारी, शैलाच्या पोटात दुखायला लागलं. मारोतराव पहिल्या पाळीला गेलेले. डॉक्टर सकाळचं काम उरकून कधीच निघून गेला होता. मी धावत दवाखान्यात गेले तर कुलूप. काचेतून ते हसरं बाळ दिसत होतं. सुईण उतईला. एक सायकलरिक्षा मिळाली, शैला आणि सिंधुताई तीत बसल्या, मी मागून जवळजवळ पळत. आणि रेल्वेचं फाटक बंद.

त्या फाटकाचा ज्याला अनुभव नाही त्याला काय सांगायचं! कारखान्याकडे जाणारी मालगाडी लाइनीवर उभी राहिली, की उभीच. दोन्ही बाजूंना माणसं, सायकली, बैलगाड्या. मी फाटकवाल्याला शिव्या दिल्या, हात जोडले. तो बिचारा म्हणाला, "गाडी को मैं धक्का मारूं क्या, बाई?" तोवर सिंधुताईंची किंकाळी आली.

तिथेच झालं. रिक्षातून उतरवून आम्ही तिला रस्त्याच्या कडेला कडुलिंबाखाली निजवलं. भाजी विकणारी एक छत्तीसगढी बाई टोपली टाकून धावत आली. मी आणि आणखी दोघींनी लुगड्यांचा आडोसा धरला. ती भाजीवाली शैलाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होती, "झन डर नोनी, झन डर," घाबरू नको पोरी, घाबरू नको. मुलगी झाली. लहानशी, निळसर. भाजीवालीने तिला पायाला धरून उलटी केली, पाठीवर थोपटलं, तोंडात फुंकर घातली. ती रडली नाही. आम्ही वाट बघत राहिलो आणि ती रडली नाही.

एवढं होईस्तोवर मालगाडी तिथेच उभी होती. आणि तिच्या पलीकडे, फाटकाच्या दुसऱ्या बाजूला, पाळी सुटलेल्या लोकांच्या गर्दीत मारोतराव सायकल धरून उभे होते. शैलासाठी म्हणून त्यांनी वाटेत जिलेबी घेतली होती. बाजूच्या माणसाला रोजच्या डॉक्टरचं कौतुक सांगत होते. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना स्वतःच्या तोंडात मारून घेतली. गाडी हलली, फाटक उघडलं, गर्दी सुटली. ते लाइन ओलांडून आले आणि त्यांना सिंधुताईंचं लुगडं दिसलं.

शैलाला रक्तस्राव फार झाला, पण मोठ्या दवाखान्यात वेळेवर पोचली म्हणून वाचली. बाळाला मारोतरावांनी स्वतःच्या हातांनी पुरलं. अंगात जरा ताकद येऊ दे, म्हणून शैलाला महिना-सव्वा महिना ठेवून घेतलं आणि मग तिचा नवरा येऊन तिला घेऊन गेला. जाताना ती माझ्या गळ्यात पडून रडली. बापाच्या पाया पडली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिला आईने सगळं सांगितलं होतं. त्या भाद्रपदातलं, भाकरी थापतानाचं.

सिंधुताईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या, कपडे धुवायच्या, पण तोंडातून शब्द नाही. भिंतीपलीकडे इतकी शांतता, की मला माझ्याच घरात मोठ्याने बोलायची लाज वाटायची. एक दिवस मी त्यांना म्हटलं, "सिंधुताई, तुम्हीही हो म्हटलंच होतं ना त्या दिवशी?" त्या माझ्यावर ओरडल्या, "हो मनलं होतं! मंग मी कोनाशी बोलून राहिली? सोताशी तरी बोलून राहिली का मी?"

मारोतराव समितीत जाईनासे झाले. मला वाटलं, संपला हा माणूस. पण पावसाळा लागला तसे ते पुन्हा दारोदार हिंडायला लागले. या वेळी वेगळंच विचारायचे: "यंदा तुमची कोनती लेक माहेरी येनार?" मोहल्ला बिथरला. पोटुश्या लेकीचं नाव असं चारचौघांत घेतात का? नजर लागते. आणि ज्याच्या दारात इतकं अशुभ घडलं त्याने तर विचारूच नये. हिरालालने, ज्याचे पेढे खाल्ले होते त्या हिरालालने, त्यांना ओट्यावरूनच घालवलं. "तुमची गेली म्हनून आमच्यावर नजर ठेवून राहिले काय?" मारोतराव खाली मान घालून पायऱ्या उतरले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ओट्यावर गेले. मला त्यांच्या चिवटपणाचा तेव्हा संताप यायचा. हिरालालची बायको तिसऱ्या दिवशी स्वतःहून बाहेर आली आणि म्हणाली, "दोघी येनार आहेत, भाऊ. मोठी आन् मधली." आणि पदर तोंडाला लावून आत पळाली.

मग बायका बोलायला लागल्या. पुरुष बाजेवर बिड्या ओढत राहिले आणि बायका मागच्या दाराने येऊन सांगायच्या. बहुतेकींनी आधी माझ्याकडे येऊन सांगितलं, आणि मी मारोतरावांना.

त्यानंतर समितीची बैठक मोहल्ल्याच्या मंडळाच्या खोलीत झाली. देवरावांबरोबर मीही जाऊन मागे बसले. बाईमाणसाने यायची रीत नव्हती, पण मला उठवायची कोणाची हिंमत झाली नाही. मारोतराव उभे राहिले.

"साहेब," ते कृष्णरावांना म्हणाले, "सुनेले आमी इथं मोजतो, तं ते माहेरी जाते. लेक इथं येते, तिले इथं कोनी मोजत नाही, पाहुनी म्हनून. तिच्या सासरी इचारा, तं ते मनतात माहेरी गेली, आमच्याकडे कोनी नाही. मंग ते बाई आहे कुठं जी? कोन्या गावची आहे ते?"

कृष्णराव मऊ आवाजात म्हणाले, "मारोतराव, मोहल्ल्यात बाळंतिणी नाहीत असं तुम्हीच सांगितलं होतं."

"हो जी. मीच सांगतलं होतं. म्हनून तं मीच उभा आहो."

कृष्णरावांनी चष्मा काढून पुसला. त्यांचीही नात त्याच वर्षी नागपूरला, आईच्या माहेरी जन्मली होती, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही बहुधा तेव्हाच आठवलं असावं. नियमाचा काथ्याकूट बराच झाला. सभासद नसलेल्यांसाठी वर्गणी का वापरायची, असं विचारणारे होतेच, आणि त्यांचंही अगदी चूक नव्हतं. पण शेवटी ठरलं, की माहेरी आलेली लेक सभासदाच्या घरची धरायची. डॉक्टरची निळी खोली तशीच राहिली आणि तिला लागून नवी खोली बांधायची ठरलं. पाया पुन्हा मोहल्ल्याने खणला. या खेपेस हिरालालही कुदळ घेऊन आला, आणि कामापेक्षा सूचनाच जास्त केल्या. खाट परत आली. गयाबाई परत आली.

ज्या महिन्यात खोली उघडली, त्याच महिन्यात शैलाला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. सिंधुताई त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याशी बोलल्या. "तिले आनावं लागन," एवढंच. पण त्या घराला जीव आला. सिंधुताईंनी ट्रंकेतली जुनी धोतरं काढली, धुतली, दुपटी शिवायला घेतली. मारोतराव रोज नव्या खोलीत डोकावून यायचे. शेगडी आहे का, दार नीट लागतं का, कडी गंजली तर नाही? गयाबाई वैतागून म्हणायची, "भाऊ, आता तुमीच बाळंत व्हा इथं!" आणि ते हसायचे. किती महिन्यांनी!

सातवा लागल्यावर शैलाला आणायला जायचं ठरलं तेव्हा सिंधुताई म्हणाल्या, "मी नाही येत. तुमीच जा. वहिनीले संग न्या." त्या का येत नाहीत ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. लेकीला हाक मारायची ती या वेळी बापानेच मारायची होती.

पॅसेंजरने भंडारा रोड स्टेशन, तिथून एसटीने शैलाच्या सासरचं गाव. तिच्या सासरी अंगण सारवलेलं, धान पाखडून ठेवलेलं. सासू अन्नपूर्णाबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, मला हाताला धरून आत नेलं. शैला बरी दिसत होती, गालावर तेज होतं. आमची ताटं तिनेच वाढली. वरण-भात, लाखोळीच्या पाल्याची भाजी. मारोतरावांनी दोन घास खाल्ले आणि लगेच सुरू झाले, दम धरवेना त्यांना. नवी खोली कशी झाली, फाटक ओलांडावं लागत नाही, गयाबाई रात्रंदिवस मोहल्ल्यातच राहते, आता नियमातच बसवलं आहे. "तुह्यासाठीच धावपळ केली बेटा. चाल आता. तुही माय वाट पाहून राहिली."

शैला भाताचं पातेलं खाली ठेवून समोर बसली.

"बाबा, तुमी मले मोजलं नाही."

रागाने नाही म्हणाली. भात वाढू का विचारावं तसं म्हणाली. मारोतरावांचा हात ताटातच थांबला.

"हो बेटा," ते म्हणाले. "नाही मोजलं."

"खोली झाली ते चांगलं झालं. बाकीच्या पोरी तरी सुखरूप होतीन. पन मांगच्या महिन्यात इथं सरकारी नर्सबाई आली होती. तिनं इचारलं, घरात कोन पोटुशी आहे. तं आत्याबाईनं पयलं नाव माहं सांगतलं. माहेरी जानार का म्हनून इचारलं, तं मनल्या, नाही, ते आमच्या घरची आहे, इथंच होईन, तुमी येत जा पाहाले." तिने भाताचं पातेलं जवळ ओढलं. "मी इथंच राहीन, बाबा."

मी तिच्या या आत्याबाईंकडे, अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं. त्या अवघडून दाराशी उभ्या होत्या. त्यांना यात काही जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी तिले जा मनलं हो, व्याहीबुवा. तिचंच मन नाही." मारोतरावांनी ताटातला भात संपवला. अन्न टाकलेलं त्यांना चालत नसे. हात धुऊन ते अन्नपूर्णाबाईंसमोर गेले आणि वाकले. त्या "अवो, हे काय!" म्हणून मागे सरकल्या.

"विहीनबाई, तुमी मोजली," ते म्हणाले. "माही लेक तुमी मोजली."

परतीच्या गाडीत आम्हाला खिडकीजवळची जागा मिळाली. शैलाने आईसाठी दिलेली मुरमुऱ्यांची पिशवी त्यांनी मांडीवर धरली होती. गोंदिया मागे पडलं तेव्हा ते पहिल्यांदा बोलले.

"वहिनी, सिंधूनं दुपटी शिवून ठेवली आहेत. तिले काय सांगू?"

माझ्या जिभेला हाड नाही असं अख्खा मोहल्ला म्हणतो. पण त्या वेळी मी नुसती ती पिशवी त्यांच्या मांडीवरून उचलून माझ्या मांडीवर घेतली. मारोतराव खिडकीकडे तोंड करून रडत होते, आणि पावर हाउस स्टेशन येईपर्यंत मी त्यांना रडू दिलं.